अरुंधती चुकली की नाही, यावरून घरात अबोला

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

बेळगावच्या अनगोळ भागातून एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं आहे. वय ६२. सगळी नोकरी मराठी प्राथमिक शाळेत झाली. यजमान काही वर्षांपूर्वी वारले. मुलगा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात आहे. सून गोकाककडची, कन्नड घरातली, एका पतसंस्थेत नोकरी करते. प्रेमविवाह असल्यामुळे तिच्या माहेरचे अजून पुरते निवळलेले नाहीत. ती या घरात आली तेव्हा तिला मराठी जेमतेम समजायचं. संध्याकाळी सासूशेजारी बसून मालिका बघता बघता ती बोलायला शिकली. 'आई कुठे काय करते'ची शेवटची दोन वर्षं दोघींनी एकत्र पाहिली. मालिका संपली, पण सुनेने ती मोबाईलवर पहिल्या भागापासून पुन्हा लावली आणि तिच्या नायिकेवरचा, अरुंधतीवरचा जुना वाद नव्याने सुरू झाला. सासूचं म्हणणं: नवऱ्याने फसवल्यावर अरुंधती बाहेर पडली, त्या वयात दुसरं लग्नही केलं, हेच खरं धाडस. सुनेचं म्हणणं: दुसरं लग्न करायला नको होतं, मुलांचं घर मोडलं. मागच्या महिन्यात शेजारणी बसल्या असताना हाच विषय निघाला. सून म्हणाली, "ती दुसरं लग्न केली ते मला पटलं नाही." बाईंनी तिचं वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त केलं आणि वर, "तुला अरुंधती कळलीच नाही," असंही म्हणाल्या. सून उठता उठता बोलली, "टीव्हीत तुम्ही अरुंधतीच्या बाजूच्या, घरात मात्र कांचनच की हो!" कांचन म्हणजे मालिकेतली अरुंधतीची सासू. तेव्हापासून ती संध्याकाळी आपल्या खोलीत इअरफोन लावून कन्नड मालिका बघते. बोलणं कामापुरतं. मुलगा म्हणतो, "तुमच्यासारख्यांमुळेच असल्या मालिका वर्षानुवर्षं चालतात. केबलच काढून टाकतो." बाई विचारतात: खोट्या माणसांपायी खऱ्या घरात भांडण केलं, याची लाज वाटते. मालिका बघणं सोडून द्यावं का? की सुनेला एकदा नीट समजावून सांगावं?

बाई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. सुनेला समजावून सांगू नका. निदान अरुंधतीबद्दल तरी नको. ती ज्या संध्याकाळी उठून गेली, त्या संध्याकाळी तिला समजावणंच तर चाललं होतं.

बाकीच्याला थोडा वेळ लागेल.

"तुला अरुंधती कळलीच नाही," या तुमच्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अरुंधती एकच आहे आणि ती तुम्हाला दिसली तशीच आहे, असं. ते खरं आहे का बघू. मालिका न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगते. 'आई कुठे काय करते' स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती देशमुख म्हणजे दिवसभर घरासाठी राबणारी, स्वतःचं गाणं मागे टाकलेली बाई. नवरा अनिरुद्धचे ऑफिसातल्या संजनाशी संबंध आहेत हे तिला कळतं, घटस्फोट होतो, ती पुन्हा गाऊ लागते आणि पुढे आशुतोष केळकरशी लग्न करते. सासू कांचन बराच काळ मुलालाच सांभाळून घेते, सासरे अप्पा मात्र सुनेच्या मागे उभे राहतात.

ही गोष्ट मुळात बंगाली. २०१९ मध्ये स्टार जलसा वाहिनीवर 'श्रीमोयी' आली आणि तिच्यावरून एकेका भाषेत ही बाई नव्याने उभी राहिली. हिंदीत ती अनुपमा झाली. तेलुगू, तमिळ, मल्याळममध्येही आली. आणि कन्नडमध्येही आली, स्टार सुवर्णवर, 'इंति निम्म आशा' या नावाने. बंगाली मालिका २०२१ मध्ये आटोपली. मराठीने जवळजवळ पाच वर्षं काढली. मराठी संपली तेव्हा हिंदी चालूच होती. सुरुवातीचा घाव सगळीकडे एकच, पण त्यानंतर त्या बाईने काय करायचं हे प्रत्येक भाषेतल्या लेखकांनी आपापल्या प्रेक्षकांकडे बघत ठरवलं. मग त्यांतली खरी कोण?

सूनबाईंनी लग्नाआधी माहेरी यातलं काही पाहिलं होतं का, हे तुम्ही कधी विचारलंत? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. कदाचित तुमच्या शेजारी बसून ती तुमच्या अरुंधतीला दुसऱ्या एका ओळखीच्या बाईशेजारी ठेवून बघत असेल, आणि ते सांगण्याइतकं मराठी तेव्हा तिच्याजवळ नसेल. पाहिलं नसेल तरी हरकत नाही. पण विचारा. मालिका मराठी आहे म्हणून तिच्यावरचा अधिकार आपला, असं आपल्याला नकळत वाटत असतं. बेळगावात तर जास्तच वाटतं, आणि का वाटतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्या या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला एक गोष्ट मिळते, ती पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला सहसा मिळत नाही. रिमोटच्या दोन बटणांवर तीच कथा दोन भाषांत दिसते. झी मराठीवर 'तुला पाहते रे' २०१८ मध्ये सुरू झाली आणि वर्षभरात संपली. तीच झी कन्नडवर 'जोते जोतेयली' होऊन २०१९ पासून २०२३ पर्यंत चालली, मधे नायकाचा नट बदलला तरी चालली. प्रवास उलटाही होतो. 'लक्ष्मी निवास' आधी कन्नड, मग २०२४ च्या डिसेंबरात मराठी. हे काही टीव्हीने सुरू केलेलं नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं, त्यालाही चालना दिली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांनी. एकच प्रसंग दोन लेखकांनी दोन तऱ्हांनी कसा सोडवला, हे शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. तुमच्या घरात तर ते सांगू शकणारी व्यक्ती पगारी नोकरी करून रोज संध्याकाळी घरी येते. तिला आपण "तुला कळलं नाही" म्हणतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता तिच्या मताकडे येते. पत्रात तुमचा सूर असा आहे की सगळं उलटं झालं. तरुण, कमावती, स्वतःच्या मनाने लग्न केलेली मुलगी "घर मोडायला नको होतं" म्हणते आणि बासष्टीची सासू "बरं झालं, बाहेर पडली" म्हणते. मला ते उलटं वाटत नाही. दोघीही आपापल्या जागेवरून बघत आहात.

तुमच्या पिढीतल्या बहुतेक बायकांना घरातून बाहेर पडायचं दार कुणी दाखवलंच नव्हतं. तुमचा संसार सुखाचाच झाला असेल. तरीही, आपल्याच वयाकडे झुकलेली एक बाई "आता पुरे" म्हणते, गळा पुन्हा मोकळा करते, आणि जग कोसळत नाही, हे रोज रात्री बघणं सुखावणारंच असणार. यजमान गेल्यानंतरच्या संध्याकाळी तर अधिकच. उतारवयात आयुष्य पुन्हा सुरू होऊ शकतं हे कुणीतरी आपल्यासमोर जगून दाखवत होतं. त्या बाईला कुणी नावं ठेवली की ती आपल्यालाच ठेवल्यासारखी लागतात. तुमचा आवाज चढला तो तिथे, असा माझा अंदाज.

सूनबाईंचं उलट आहे. त्या बाहेर पडून झाल्या आहेत. भाषा सोडून, आई-वडिलांची नाराजी पत्करून त्या तुमच्या घरात आल्या. माहेर अजून निवळलेलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे परत जायची वाट अर्धी बंद. ज्या मुलीने सगळं एका घराच्या भरवशावर सोडलं, तिला पडद्यावर घर मोडताना बघून धाडस दिसत नाही, पायाखालची जमीन सरकताना दिसते. "घर टिकायला पाहिजे होतं," असं ती म्हणते तेव्हा ती कुठल्या घराबद्दल बोलत असेल? देशमुखांच्या, की तुमच्या? तुम्हाला तिचं मत जुनाट वाटलं. मला त्यात तुमच्याच घराला घट्ट धरून ठेवायची धडपड दिसली. हे मी एका पत्रावरून लिहितेय. घर तुमचं, माणसं तुमची. पण पुढच्या वेळी ती असं काही बोलली, तर उत्तर द्यायच्या आधी हे मनात ठेवून ऐकून बघा.

आणि ते दुरुस्त केलेलं वाक्य. पत्रात तुम्ही त्यावर एक ओळ खर्च केली आहे, "शिक्षकी सवय" म्हणून. माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. अरुंधतीवर मतभेद दोन वर्षं चालले होते, त्याने अबोला झाला नव्हता. त्या दिवशी मात्र चार बायकांसमोर, ती मनापासून काही सांगत असताना, तुम्ही तिचं म्हणणं सोडून तिचं व्याकरण धरलंत. बेळगावच्या गल्लोगल्ली जन्माची मराठी माणसं "मी काम केलो", "मी जेवण केलो" म्हणतात. भाजीवालीला, दूधवाल्याला, स्वतःच्या भावाला आपण थांबवत नाही. सुनेला थांबवलं, तेव्हा तिला ऐकू आलं ते एवढंच, की या घरात मला मत मांडायचं असेल तर आधी परीक्षा पास व्हावी लागेल. माफी मागायचीच असेल तर नेमकी याची मागा. अरुंधतीचं नाव मधे आणू नका. "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझं बोलणं तोडलं, ते चुकलं माझं." एवढं एक वाक्य. त्याला 'पण' जोडू नका.

कांचनवालं वाक्य लागलं तुम्हाला. लागणारच. एखाद्या माणसाला पात्राचं नाव चिकटवलं की सगळ्या माणसाचा निकाल एका शब्दात लागतो, आणि त्याच्यावर काही बोलायलाही जागा उरत नाही. तेव्हा घरात एक नियम दोघींनी पाळावा: पात्रांवर हवं तेवढं भांडायचं, पण घरातल्या माणसाला पात्राचं नाव द्यायचं नाही. नवऱ्याला अनिरुद्ध म्हणायचं नाही, सासूला कांचन नाही, सुनेला संजना तर कधीच नाही. पण हा नियम पुढच्यासाठी. जे बोलून झालंय ते तसंच सोडू नका. माफीनंतर दोन-चार दिवस जाऊ द्या. मग स्वयंपाकघरात दोघीच असताना शांतपणे विचारा, "माझं काय तुला कांचनसारखं वाटतं?" आणि मग ऐका. ती कदाचित एखादी अगदी लहान गोष्ट सांगेल. पगार झाल्यावर माहेरी काही पाठवायचं असेल तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो, किंवा मुलगा चुकला तरी रागावणं तिच्याच वाट्याला कसं येतं. काहीही असेल. लगेच बाजू मांडू नका. तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असं वाटलं तरी त्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी बोलता येतं.

इअरफोनचा अर्थ तुम्ही 'तोडून टाकलं' असा लावलाय. तो तसाच असेल असं नाही. दिवसभर पतसंस्थेत गिऱ्हाइकांशी जमेल त्या भाषेत बोलायचं, घरी आल्यावर मराठी, नवऱ्याशीही बहुधा मराठीच. रात्री तासभर आपल्या आईच्या भाषेत काही ऐकावंसं वाटणं ही विश्रांती आहे. अबोला संपल्यावरही आठवड्यातले दोन-तीन दिवस ती खोलीत बसून कन्नड बघेल. बघू द्या. त्याला रुसवा समजू नका.

तुमच्या लाजेबद्दल. "एवढी शिकलेली बाई आणि खोट्या माणसांसाठी भांडली," असं तुम्ही स्वतःला लावून घेतलंय. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. सूनबाईंच्या गोकाक भागातलंच बघा. कुलगोडच्या तम्मण्णांचं 'श्रीकृष्ण पारिजात' हे लोकनाट्य तिकडे रात्ररात्र चालायचं. एका फुलावरून रुक्मिणी आणि सत्यभामेत पेटलेली असूया, मधे सापडलेला कृष्ण, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणी हिच्या बाजूचं, कुणी तिच्या. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बायकांनी ओव्यांमधून सीतेच्या वनवासाचा जाब रामाला विचारला. त्यांना नवऱ्याला विचारता येत नव्हतं, रामाला विचारता येत होतं. कथेतल्या माणसाच्या निमित्ताने आपल्या मनातलं बोलता येणं ही बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सोय आहे. सासू आणि सून समोरासमोर बसून "लग्न म्हणजे काय, किती सोसावं, कुठे थांबावं" असं कधी बोलतील का? अरुंधतीमुळे तुम्ही दोघी दोन वर्षं तेच बोलत होता. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: मालिका बघणं सोडू नका. ती सोडलीत तर भांडण मिटणार नाही, फक्त तुमच्यातला बोलण्याचा एकमेव रोजचा तास जाईल.

पण वाद घालायची रीत बदलता येईल. सध्या तुमचा प्रश्न एकच असतो, "ती बरोबर की चूक?" या प्रश्नावर कुणीतरी हरतंच. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न ठेवा: "लेखकाने हे असं का केलं असेल?" यासाठी मालिका कशी बनते हे थोडं माहीत असलं की बरं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांची गोष्ट असते, आणि तशी ती आठवड्यातले पाच-सहा दिवस द्यायची असते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, असं काम वाटलेलं असतं. हातात तयार भाग थोडेच असतात. नटाच्या तारखा, उभा केलेला सेट, वाहिनीची मागणी, सगळं सांभाळून पात्राला चालवावं लागतं.

'आई कुठे काय करते'मध्येच बघा. घटस्फोटानंतरही अरुंधतीचं देशमुखांच्या घरातलं येणं-जाणं सुटत नाही, सगळ्यांची भांडणं हीच मिटवणार. कित्येक प्रेक्षक चिडायचे, "हिला स्वाभिमान आहे की नाही?" मला यात पात्राचा दोष कमी आणि रचनेची गरज जास्त दिसते. सासू-सासरे, नवरा, मुलं ही सगळी माणसं त्या घरात. प्रेक्षकाचा जीव त्यांच्यात गुंतलेला. नायिका तिथून कायमची गेली तर मालिकेचे दोन तुकडे होतात. म्हणून तिला परत परत तिथे आणायचं, आणि त्याला तिच्या स्वभावाचं कारण द्यायचं. संजनाचंही तसंच. सुरुवातीला दीपाली पानसरे ती करायच्या, मग रूपाली भोसले आल्या. नटी बदलली की पात्राचं चालणं-बोलणं, राग, सगळं थोडं बदलतंच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने चित्रीकरणं थांबली, नवे भाग जुलैत आले. मालिका तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती. सूनबाई आता पहिल्यापासून बघत आहेत, तर त्यांनाच विचारा, त्या खंडाच्या आधीची अरुंधती आणि नंतरची, काही फरक वाटतो का? या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. दोघींनी मिळून शोधायचं आहे.

असं बोलायला लागलं की पात्राला दोष देणं, लेखकाला दोष देणं आणि समोरच्या माणसाला दोष देणं या तीन गोष्टी वेगळ्या होतात. "अरुंधतीचं दुसरं लग्न पटलं नाही," याचा अर्थ "बाईने दुसरं लग्न करू नये" असाच नसतो. ते लग्न ज्या घाईने किंवा ज्या तऱ्हेने दाखवलं ते पटलं नाही, असाही असू शकतो. विचारल्याशिवाय कळत नाही. मला स्वतःला ते लग्न पटलं होतं. तिच्या आयुष्यात फक्त त्यागच उरावा असं मला वाटत नव्हतं. पण तिचं गाणं पुढे किती वेळा बाजूला पडलं आणि घरच्या कटकटींनी किती भाग खाल्ले, हे मला आजही खटकतं. या मुद्द्यावर कदाचित तुमचं आणि सूनबाईंचं एकमत होईल.

चढा आवाज उतरवायला विनोदी मालिकांची मोठी मदत होते. गंभीर मालिकेत प्रत्येक पात्रावर खटला चाललेला असतो. चांगल्या विनोदी मालिकेत माणसाचा दोष आधीच मान्य केलेला असतो आणि त्याच्यासकट तो माणूस आपला असतो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एका घरात होत्या, खटके रोजचे होते, तरी खलनायक कुणीच नव्हतं. हे भाग मिळाले तर सूनबाईंबरोबर बघाच. पण त्याआधी एक वेगळी गोष्ट करा. ई टीव्ही कन्नडवर 'पाप पांडू' आणि 'सिल्ली लल्ली' या विनोदी मालिका गाजल्या होत्या. कर्नाटकात त्या बघत मोठी झालेली एक पिढी आहे, सूनबाईही त्यातल्याच असतील. त्यांना सांगा, "मला एखादा भाग दाखव." बेळगावात आयुष्य काढलंत, कामापुरतं कन्नड तुम्हाला येतंच. पण विनोद कामापुरत्या भाषेत कळत नाही. तिला थांबवून विचारावं लागेल, हे सगळे का हसले? ती सांगेल, तुम्ही चुकीचं समजाल, ती पुन्हा सांगेल. दोन वर्षं ती तुमच्या शेजारी ज्या जागेवर बसली होती, त्या जागेवर थोडे दिवस तुम्ही बसा.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतर वाचकांनाही एक-दोन गोष्टी सांगते. भिशीत, महिला मंडळात, मोबाईलवरच्या ग्रुपात मालिकेवरून दोन तट पडतात. वडील गुन्हेगारी मालिका लावतात म्हणून मुली चिडतात. आजोबांना हास्यजत्रा हवी असते आणि नातवाला दुसरंच काही. मतभेद असणं वाईट नाही. पाहुण्यांसमोर, जेवताना आणि प्रसंग चालू असताना वाद टाळला तरी अर्धी कटुता कमी होते. भाग संपू द्यावा, जाहिरात लागली की बोलावं. आणि ज्याला एखादं पात्र अजिबात सहन होत नाही, त्याला "मग बघतोस कशाला?" असं विचारू नये. तो चिडूनसुद्धा रोज बघतो, म्हणजे त्या पात्रात त्याचं काहीतरी अडकलेलं असतं. मात्र घरात कुणी खरोखर मार खात असेल, कोंडलं जात असेल, आणि मालिकेच्या निमित्ताने ते सांगू बघत असेल, तर तिथे कथेची चर्चा थांबवून त्या माणसाकडे वळायला हवं. "मालिका फार बघतेस म्हणून असं वाटतं," हे वाक्य अशा वेळी फार मोठं नुकसान करतं.

राहिला तुमचा मुलगा. "तुमच्यामुळेच असल्या मालिका चालतात," हे त्याचं म्हणणं हिशेबाने बरोबर नाही. देशभरात निवडक घरांत मीटर बसवून प्रेक्षकसंख्या काढतात, आणि मराठी मालिकांची दर आठवड्याची चढाओढ ज्या आकड्यांवर चालते ते महाराष्ट्र आणि गोव्याचे असतात. आपण कर्नाटकाच्या बाजारात मोजले जातो. अनगोळमधल्या दोन बायकांनी टीव्ही बंद केला म्हणून मुंबईतली कुठलीही मालिका एक दिवसही आधी संपणार नाही. पण त्याच्या बोलण्यातला हिशेब मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. आई आणि बायको महिनाभर एकमेकींशी बोलत नाहीत, आणि त्याला दोष केबलचा दिसतो, हे मला जास्त खटकलं. बायकोने कन्नड मुलुख सोडून मराठी घरात यावं, मराठी शिकावं, यात त्याने काय केलं? तिच्याशी घरात कन्नड तो बोलतो का? तुमच्यासमोर तिची बाजू कधी घेतो का? तुमच्या पत्रात तो फक्त दोनदा येतो, एकदा उद्यमबागेत आणि एकदा केबल काढायला. त्याला मधे घेऊन निवाडा करायला लावू नका, पण मोकळंही सोडू नका. एखाद्या संध्याकाळी टीव्हीसमोर त्यालाही बसवा आणि अनिरुद्धबद्दल त्याचं काय मत आहे ते विचारा. दोन वर्षं घरात चाललेल्या या वादात त्याने अजून तोंड उघडलेलं नाही. आणि केबलचं म्हणाल, तर तिचे पैसे तुमच्या पेन्शनमधून जातात असं तुम्ही लिहिलंय. ती ठेवायची की काढायची, हे तुम्ही आणि सूनबाई मिळून ठरवाल, असं त्याला स्पष्ट सांगा.